एकाने चुकलेली दहा उत्तरं

धुळ्यात तेव्हा संगणक शिकवणारे क्लास मोजून तीन. त्यांतला गिरधर सरांचा क्लास गल्ली नंबर चारमध्ये एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर होता. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्याने आधी हाक मारून खाली येणाऱ्याला थांबवायचं आणि मगच पाय उचलायचा. वर एकच खोली, खोलीत दोन यंत्रं, यंत्रांवर निळ्या सॅटिनचे झालरीचे अभ्रे. चपला दाराशी काढायचा नियम सरांनी धुळीच्या भीतीने केला होता, पण शिकणारी मंडळी देवळात शिरावं तशी वाकून आत शिरत. साल एक्क्याण्णव. यंत्राला उगाच हात लावला तर ते बिघडेल, अशी धास्ती त्या वेळी शिकल्या-सवरलेल्यांनाही होती.

सोनगीरची बेबाबाई या क्लासात आली तेव्हा एकतीस वर्षांची होती. गावच्या हायस्कुलात ती तासाप्रमाणे गणित शिकवायची. जन्मल्यावर कोणीतरी तात्पुरतं म्हणून बेबा नाव ठेवलं, आणि मग बारसं करायचं राहूनच गेलं. लग्न जमवायचंही असंच राहून गेलं होतं, आणि त्याची हळहळ तिच्यापेक्षा गावाला जास्त होती. सकाळी शाळेचे दोन तास, दुपारी एसटीने धुळं, दिवेलागणीला परत सोनगीर, असे तिने सहा महिने काढले. बाईमाणसाला या वयात हे खूळ कशाला, असं विचारणाऱ्यांना ती हसून उत्तर टाळायची. खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतंच. एखादी गोष्ट अशी का होते हे कळलं नाही, की या बाईला अन्न गोड लागत नसे. लहानपणापासून हा रोग. त्यावर औषध सापडलं नव्हतं, आणि आता तर क्लासची फी भरून तिने रोगालाच घर भाड्याने घेऊन दिलं होतं.

एप्रिल उजाडला तसा कोर्स संपत आला. शेवटच्या आठवड्यात सोमवारी गिरधर सरांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं की जूनपासून सकाळी मुलींसाठी वेगळी बॅच काढतो आहे, तिला शिकवायला याच बॅचमधलं कोणीतरी घ्यावं म्हणतो. ज्याला घेईन त्याच्याकडे खोलीची किल्ली राहील. अकरा वाजता यावं, बॅच संपली की दुपारपर्यंत यंत्र त्याचंच. दहा जणांपैकी नऊ जणांच्या डोळ्यांपुढे नोकरी आली. बेबाबाईच्या डोळ्यांपुढे किल्ली आली. पगार नको होता असं नाही, तासाप्रमाणे शिकवणाऱ्या बाईला पगार नको म्हणून कसं चालेल? पण शनिवारनंतर पडद्यावरची ती हिरवी अक्षरं पुन्हा कधी दिसतील, हे तिला ठाऊक नव्हतं. सोनगीर सोडा, शिरपूरपर्यंत कुठे संगणक बघायला मिळत नव्हता. ती किल्ली मिळाली नाही तर सहा महिन्यांत जे उघडलं ते सगळं बंद होणार होतं.

निवड कशी करणार, तर परीक्षेने. सरांच्या पाकिटात एका मासिकाचं कात्रण होतं. त्यातलं कोडं त्यांनी फळ्यावर लिहिलं.

यंत्राला फक्त शून्य आणि एक कळतं, हे सगळ्यांना पाठ होतं. फळ्यावर सरांनी चार चौकटी आखल्या. उजवीकडून पहिली एकाची, दुसरी दोनाची, तिसरी चाराची, चौथी आठाची. पाच म्हणजे चार अधिक एक. म्हणून चाराच्या आणि एकाच्या चौकटीत एक, बाकीच्यांत शून्य. आता सगळं उलटं करा, जिथे एक तिथे शून्य आणि जिथे शून्य तिथे एक. आठाची आणि दोनाची चौकट भरली, पाचाचे झाले दहा. एवढंच कोडं. फक्त चौकटी चार नाहीत, बत्तीस आहेत, आणि कोणताही आकडा दिला तरी प्रोग्रॅमने त्याचा उलटा आकडा काढून दाखवायचा. शनिवारी बारा वाजता प्रत्येकाला यंत्रावर पंधरा मिनिटं. मी दहा आकडे देईन. एक जरी उत्तर चुकलं तरी बाद. कोणीच पास झालं नाही तर नाशिकहून माणूस बोलावीन, असं सांगून सर खाली चहाला गेले.

बेबाबाईने त्याच दिवशी सरळ वाट धरून पाहिली. उलटं कर असा एक शब्द यंत्राच्या भाषेत आधीपासून आहेच, मग त्यालाच का सांगू नये? तिने पाच घालून तो शब्द वापरला. दहा नाही, बत्तीस चौकटींचा मोठा आकडाही नाही, यंत्राने उत्तर दिलं उणे सहा. पाचाचं उलटं उणे पाच आलं असतं तर एक वेळ तिने ऐकून घेतलं असतं. हे सहा कुठून उपटले? सरांना विचारलं तर ते म्हणाले, यंत्राची तशी पद्धतच आहे, पुस्तकातही तसंच दिलंय. हे उत्तर तिला मुळीच पटलं नाही, आणि सरांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

मंगळवारी तिने लांबची वाट घेतली. आकड्याला दोनाने भागायचं, बाकी उरली की ती उलटी मांडायची, पुन्हा भागायचं, असं बत्तीस वेळा. छोट्या आकड्यांना ते चाललं. मोठा आकडा घातला की यंत्र ओव्हरफ्लो म्हणून हात वर करायचं. भांडं लहान, दूध जास्त, ते उतू जाणारच. बुधवारी आणि गुरुवारीही तेच. दुसऱ्या यंत्रावर अभिमन बसलेला असे. तो पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून आलेला हुशार माणूस. त्याचा प्रोग्रॅम चाळीस ओळींपर्यंत गेला होता आणि रोज वाढत होता. त्याने बेबाबाईला आपुलकीनेच विचारलं, ताई, तुमच्या किती ओळी झाल्या? तिने सांगितलं, सगळ्या खोडल्या.

शुक्रवारी क्लासला सुट्टी होती. सोनगीरला घराघरांत पापडांची गडबड चाललेली. बेबाबाईची आई द्रौपदाबाई बाजाराच्या दिवशी सुक्या मिरच्या, लसूण आणि डाळी घेऊन बसे. बाजारात ती किलोचीच वजनं वापरे, ती सरकारची शिक्क्याची. पण घरी तिच्याकडे जुन्या शेराची वजनं अजून होती, आणि पापडाच्या दिवसांत त्यांना मागणी असे. कारण गावातल्या बायकांना पापडांचं माप सासूकडून मिळालेलं, आणि सासूचं माप शेरात. अमुक इतक्या डाळीला छटाकभर पापडखार हे त्यांच्या जिभेवर बसलेलं. त्याचे ग्रॅम करायला गेलं की पापड लाल होतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या दुपारी शेजारची कलाबाई उडदाची डाळ घेऊन आली. द्रौपदाबाई ओसरीवर गोणपाट अंथरून बसली, वजनं समोर मांडली: अर्धा शेर, पावशेर, नवटाक, आणि छटाका दोन. उजव्या हातात तराजू उचलला, एका पारड्यात डाळ ओतली, दुसऱ्यात दोन-तीन वजनं टाकली, एक काढलं, एक घातलं, काटा सरळ झाला. आणि पारड्याकडे न बघता, गोणपाटाकडे बघून ती म्हणाली, अकरा छटाका.

बेबाबाई उंबऱ्यात वही घेऊन बसली होती. वहीत शून्य आणि एक यांच्या रांगा होत्या आणि त्यांतली एकही धड पुढे सरकत नव्हती. आईचं हे वजन करणं तिने जन्मभर पाहिलेलं. पण लहानपणापासून पाहिलेली गोष्ट माणूस पाहतच नाही. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष गेलं.

"माय, पारडाकडे न देखता तू अकरा कसं सांगं?"

द्रौपदाबाईला हा प्रश्नच गमतीचा वाटला. एवढी गणिताची मास्तरीण, आणि हे विचारते.

"पारडामा काय देखनं? ते हालत ऱ्हास," ती म्हणाली. "खाले काय उरनं ते देख. उरेल कळनं म्हंजे चढेल बी कळनं."

गोणपाटावर पावशेराचं वजन आणि एक छटाक उरली होती. पावशेर म्हणजे चार छटाका, वर एक, म्हणजे पाच. सगळी वजनं मिळून सोळा छटाका, म्हणजे बरोबर शेर. सोळातून पाच गेले, अकरा. हालत्या पारड्यात डोळे घालून वजनं मोजण्यापेक्षा जमिनीवर स्थिर पडलेली मोजणं सोपं. बाजारातल्या गर्दीत पंचवीस-तीस वर्षं बसून बाईने आपल्यापुरती काढलेली रीत होती ती, आणि तिचं तिला काडीचंही अप्रूप नव्हतं.

बेबाबाईच्या हातातली पेन्सिल थांबली. छटाक एक, नवटाक म्हणजे दोन छटाका, पावशेर म्हणजे चार, अर्धा शेर म्हणजे आठ. एक, दोन, चार, आठ. या तर सरांच्या फळ्यावरच्या चौकटी. वजन पारड्यात चढलं तर एक, खाली राहिलं तर शून्य. आणि उलटं करायचं म्हणजे काय? चढलेलं सगळं खाली काढायचं आणि खालचं सगळं वर चढवायचं. मग पारड्यात काय येईल? आत्ता जे खाली आहे ते. म्हणजे एकेक चौकट उलटत बसायची गरजच नाही. सगळ्याची बेरीज धरायची, दिलेला आकडा त्यातून वजा करायचा, संपलं. दोनाने भागणं नाही, बत्तीस फेऱ्या नाहीत, उतू जाणं नाही.

तिला इतका आनंद झाला की कलाबाईच्या डाळीचं माप ती दोनदा मोठ्याने म्हणाली. कलाबाई चमकून बघायला लागली. द्रौपदाबाईने, आंडेरले ऊन लागनं व्हई, म्हणून लेकीला आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

मग ती वहीवर दुपटी करत बसली. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, जसा छटाकेचा शेर झाला तसंच पुढे. बत्तिसाव्या दुपटीला आकडा आला चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव. हा आपला मोठा शेर. यातून वजा करायचं. पुन्हापुन्हा दुपटी तपासल्या, एकही चूक नव्हती. पण वर्गात मुलांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेली एक गोष्ट तिने स्वतः केली नाही. रीत छोट्या आकड्यावर चालवून बघितली नाही. दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःला लागू नसतं, असा मास्तर लोकांचा एक जुना समज आहे.

शनिवारी बारा वाजता अभिमन आधी बसला. त्याचा प्रोग्रॅम बेचाळीस ओळींचा. तो भराभर टंकत होता आणि बाकीचे मागे उभे राहून बघत होते. पंधरा मिनिटांत दहाही उत्तरं उतरवून तो उठला. मग दोघं-तिघं बसले आणि ओव्हरफ्लो बघून उठले. बाकीच्यांनी हात जोडले. बेबाबाईने तीन ओळी लिहिल्या: आकडा विचार, मोठ्या शेरातून तो वजा कर, उत्तर दाखव. मोठ्या आकड्यामागे यंत्राला खूण करावी लागते, नाहीतर ते शेवटचे आकडे गाळतं. सरांनी शिकवलेली ती खूणही ती विसरली नाही. दोन मिनिटांत काम झालं. उरलेली तेरा मिनिटं ती हात मांडीवर ठेवून बसली. सरांना वाटलं, बाईने हार मानली.

सरांनी कात्रण काढलं आणि लाल पेनाने कागद तपासायला घेतले. अभिमनची सात उत्तरं बरोबर निघाली, मोठ्या आकड्यांची तीन चुकली. बेचाळीस ओळींपैकी एका ओळीत ती खूण करायची राहून गेली होती. नियमाने तो बाद. मग बेबाबाईचा कागद. पहिलं उत्तर चूक. दुसरं चूक. तिसऱ्याला सरांच्या कपाळाला आठी पडली. ते नुसती लाल खूण करून शेजारी बरोबर उत्तर लिहीत खाली खाली गेले.

"बेबाताई," ते शेवटी म्हणाले, "दहाच्या दहा चूक."

मागून कोणीतरी हसलं. हसणारा वाईट नव्हता, तीन ओळींना दहा चुका ऐकून कोणालाही हसू आलं असतं. पण बेबाबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लाज तर वाटलीच, त्याहून जास्त दुःख झालं. यंत्राकडे एकदा बघून घ्यावं असं मनात आलं, आणि बघितलं तर रडू येईल म्हणून तिने बघितलं नाही. कागद घेऊन, चपला अडकवून ती अरुंद जिना उतरली, आणि खालून कोणी येतंय का म्हणून हाक मारायचंही विसरली.

स्टँडवर शिरपूरची गाडी लागलेली होती. उभं राहायलाही जागा नव्हती. तिने ती जाऊ दिली आणि बाकावर बसली. ऊन रणरणत होतं. उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं वाजत होती. आणि रोग तो रोग: पाचेक मिनिटं दुःख करून झाल्यावर तिने हातातला कागद उघडला. चूक झाली ती झाली, पण कशी झाली?

पहिला आकडा होता पाच. तिच्या उत्तराच्या शेवटी दोनशे एक्क्याण्णव, सरांच्या लाल उत्तराच्या शेवटी दोनशे नव्वद. दुसरा आकडा शंभर. तिचे एकशे शहाण्णव, सरांचे एकशे पंच्याण्णव. ती झरझर खाली गेली. तिसरं, चौथं, दहावं. दहाही उत्तरं चुकली होती, आणि दहाही बरोबर एकाने. कुठे दोनाने नाही, कुठे कमी नाही, प्रत्येक वेळी एक जास्त.

असं चुकणं तिने वीस वर्षांच्या गणितात पाहिलं नव्हतं. अंदाजाने टाकलेली उत्तरं वाटेल तशी चुकतात. ही तर सगळी एका रांगेत उभी होती. आता तिने जे काल करायचं ते आज केलं. चार चौकटी काढल्या. पाच लिहिले, हाताने उलटे केले, दहा आले. मग आपल्या रीतीने केलं. सोळातून पाच गेले, अकरा. इथेही एक जास्त. म्हणजे सोळाच चूक. पण सोळा कसे चूक? आईची सगळी वजनं मिळून सोळाच तर होतात. तिने चौकटींची बेरीज केली. आठ आणि चार बारा, बारा आणि दोन चौदा, चौदा आणि एक पंधरा. पंधराच.

चौकटी चार. आईची वजनं पाच.

दुसरी छटाक. गोणपाटावर ती डोळ्यांदेखत पडलेली होती. कोणत्याही चौकटीत न बसणारं ते एक वजन बेबाबाईने हिशेबात धरलं होतं, कारण तिच्या घरात शेर असाच पुरा होतो. जगात दुसऱ्या कोणाच्याही हातून ही चूक या वाटेने झाली नसती. सगळी वजनं मिळून जो आकडा होतो तो पुढच्या दुपटीला एकाने कमी असतो. चार चौकटींत सोळाला एक कमी, बत्तीस चौकटींतही एक कमी. सोमवारच्या त्या उणे सहाचा वासही तिला इथेच कुठेतरी यायला लागला. पाच आणि उणे सहा मिळून उणे एक, तिथेही एकच कमी. तिला बाकावर बसवेना. नाशिकचा माणूस येवो की न येवो, किल्ली मिळो की न मिळो, मोठ्या शेराच्या शेवटच्या सहाच्या जागी पाच केल्यावर यंत्र काय म्हणतं हे तिला बघायचंच होतं. पुढची गाडी लागली तिच्याकडे पाठ करून ती भर उन्हात गल्ली नंबर चारकडे चालायला लागली.

दोन वाजून गेले होते. औषधाचं दुकान अर्धं शटर ओढून सुस्तावलेलं. वर खोलीत पंखा चालू होता आणि गिरधर सर एकटेच यंत्रापुढे बसले होते. पडद्यावर बेबाबाईच्या तीन ओळी होत्या. त्यांनी त्या आठवणीने पुन्हा टंकल्या असाव्यात असं तिला वाटलं, मग कळलं की ते यंत्र कोणी बंदच केलेलं नव्हतं. टेबलावर डबा उघडा होता आणि पोळी वाळत चालली होती.

सरांनी मागे बघितलं आणि ती परत कशाला आली हे विचारलंच नाही. ते म्हणाले की मी तासाभरापासून हे बघतोय. दहा वेळा एकच चूक, ही चूक काही साधी नाही.

"सर, शेवटच्या सहाचे पाच करा," बेबाबाई म्हणाली.

सरांनी सहाचे पाच केले. कात्रण मांडीवर घेऊन एकेक आकडा घातला. पहिला जुळला, दुसरा जुळला. पाचव्यानंतर ते कात्रणाकडे बघायच्या आधीच मान हलवायला लागले. दहाही जुळले. बेबाबाईचा ऊर भरून आला आणि ते तिने लपवलं नाही. पदराने डोळे पुसले, घामही त्यातच पुसला गेला.

मग सरांनी एक गोष्ट सांगितली, ती त्यांना सोपी गेली नसणार. कात्रणात उत्तरं होती, रीत नव्हती. ती पुढच्या अंकात येणार होती आणि पुढचा अंक धुळ्याला आलाच नाही. महिनाभर ते स्वतः हे कोडं घेऊन बसले होते. क्लासचा मालक, भिंतीवर प्रमाणपत्र, आणि एक कोडं सुटेना. परीक्षेचं निमित्त त्यांनी काढलं ते निवडीसाठी खरं, पण कोणीतरी आपल्याला रीत दाखवेल अशी आशाही त्यात होती.

"पण सर, नियमाने मी बाद आहे," बेबाबाईने आठवण करून दिली. वर्गात स्वतः कडक असणाऱ्या बाईला दुसऱ्याने नियम मोडलेला बघवत नाही, मग तो आपल्या फायद्याचा का असेना.

सरांनी ते कबूल केलं. बाद तर बाद. नाशिकला पाठवायचं पत्रही लिहून तयार होतं, क्लासच्या नावाच्या कागदावर, खाली सही करून. संध्याकाळी टाकायचं होतं. मग त्यांनी विचारलं, ते आधी शेवटी सहा कसे आले? वजाबाकी करायची हे ज्याला सुचतं, त्याला शेवटचा एक कसा चुकतो?

बेबाबाई सांगायला लागली, तराजू, छटाक, गोणपाट. सरांचा जन्म धुळ्यातला आणि बाप पोस्टात. शेराची वजनं त्यांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांना काही उमजेना. त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला आणि काढून दाखवा म्हणाले. तिने पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कोऱ्या बाजूवर पाच गोल काढले. आठ, चार, दोन, एक, आणि पुन्हा एक. मग शेवटच्या गोलावर पेन्सिल टेकवून ती थांबली.

हे वजन संचातलं नाही, तिने सांगितलं. तिचे वडील वना वारले तेव्हा ती चार वर्षांची होती. वाटणी झाली तेव्हा थोरल्या काकांनी शेराचं वजन स्वतःकडे ठेवलं, मोठा धंदा माझा म्हणून. द्रौपदाबाईच्या वाट्याला आली ती बारकी चार वजनं. चारांची बेरीज पंधरा छटाका. शेराला एक कमी. भांडायला गेली असती तर पंच तिच्या बाजूने बोलले असते, पण ती गेली नाही. शिरपूरच्या बाजारातून तिने एक छटाक विकत आणली आणि दुसऱ्या दिवशी मिरच्या घेऊन बसली. तेव्हापासून घरात शेर असाच होतो.

सरांनी त्या पाचव्या गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे तुमच्या आईंना शेर कधी मिळालाच नाही," ते म्हणाले.

"नाही मिळाला. तिने तो केला."

बोलता बोलता तिने कागद उचलला, आणि मागच्या बाजूची शाई दिसली म्हणून उलटून पाहिला. नाशिकच्या कोणा माणसाचं नाव, खाली सरांची सही. तिचा चेहरा उतरला. सर, तुमचं पत्र खराब झालं, दुसरा कागद द्या, मी पुन्हा उतरवून देते, असं ती घाईघाईने म्हणायला लागली.

सरांनी कागद तिच्या हातून घेतला, गोलांची बाजू वर करून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर डब्याचं झाकण दाबलं, पंख्याने उडू नये म्हणून.

"राहू द्या," ते म्हणाले. "जूनमध्ये पहिल्या दिवशी मुलींना हेच शिकवा. मीही येऊन बसेन."